एकोणीस जोड

ती. बाबांस,


रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "एकोणीस जोड गेले, म्हणजे वेल्डरच गेला की." आणि लगेच फोन आईकडे दिलात. ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

बातमी खरी आहे. पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं पीएस-४ इंजिन इस्रोने धातूच्या पावडरीतून छापून घेतलं आणि ९ मे २०२४ रोजी महेंद्रगिरीला सलग ६६५ सेकंद चालवून पाहिलं. पूर्वी चौदा भाग एकोणीस जोडांनी वेल्ड करून होणारं हे इंजिन आता एकसंध आहे. एका इंजिनाला ५६५ किलो फोर्जिंग आणि पत्रा लागायचा, तिथे १३.७ किलो पावडर पुरते. उद्यमनगरात लोखंडाचा चुरा पोत्यांनी भरलेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ मी काय सांगणार!

पण आमच्या धातू छापणाऱ्या यंत्राच्या काचेतून मी रोज जे बघते ते वेल्डिंगच आहे, बाबा. प्लेटवर पावडरीचा थर पसरतो, साधारण मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढा. लेझर त्यावर रेघा ओढतो. तेवढीच पावडर वितळते आणि गोठताना खालच्या थराला धरते. मग प्लेट तसूभर खाली, वर नवा थर, असे हजारो. आत आर्गॉन भरलेला, तुमच्या टिगच्या टॉर्चमधून येतो तोच. पावडर दमट असली की धातूत छिद्रं राहतात. भट्टीत न तापवलेल्या इलेक्ट्रोडला तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हतात, ते मला आता कळलं. पत्रा ओढ घेऊ नये म्हणून तुम्ही एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला मारायचात. आम्ही दर थराला रेघांची दिशा ६७ अंशांनी फिरवतो, कारण तेच. जोड गेले नाहीत. ते इतके बारीक झालेत की मोजता येत नाहीत.

आमच्याकडची मुलं संगणकावर आकार सुरेख काढतात, पण धातू वितळताना जवळून पाहिलेला त्यांच्यात कुणी नाही. मी निदान तुमच्या मागे उभी राहून, काळ्या काचेतून पाहिलाय. तरी गेल्या महिन्यात चुकलेच. चाचणीचा एक तुकडा भट्टीत ताण काढण्याआधीच वायरकटवर प्लेटपासून सोडवला. सुटत गेला तसा तो धनुष्यासारखा वर उचलला गेला.

तो तुकडा या पत्रासोबत पाठवते आहे. वाकला तो माझ्या घाईने. पण आतल्या कोपऱ्यात एक बारीक भेग आहे, ती मला आधीची वाटते. भिंगाखाली नीट बघा आणि ती कुठून सुरू झाली असेल ते कळवा. फोनवर नको, कागदावर चित्र काढून.

तुमची,
ताई