कॅमेऱ्याने न मोजलेला प्रकाश

चेन्नईच्या मयिलापूरमधील कपालीश्वर मंदिराच्या मंडपातून भर दुपारी बाहेरचे गोपुर पाहताना डोळ्यांना फारसे सायास पडत नाहीत. कॅमेऱ्याला मात्र निवड करावी लागते. मंडपाचे खांब उजळ घेतले तर गोपुरावरील मूर्ती पांढऱ्याफटक होतात. मूर्ती सांभाळल्या तर खांब काळोखात बुडतात.

कारण साधे आहे. नेहमीच्या ८-बिट छायाचित्रात प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६च पायऱ्या असतात. त्या मर्यादेपलीकडचा प्रकाश दुप्पट असो वा शंभरपट, त्याची नोंद २५५ अशीच होते. अशा चित्राचे ‘एचडीआर’, म्हणजे प्रकाशाचा विस्तृत पल्ला दाखवणारे, रूप करायचे तर हरवलेले तपशील आणायचे कोठून?

एक मार्ग प्रामाणिक मोजणीचा आहे. एकाच दृश्याची कमी-अधिक एक्स्पोजरची अनेक छायाचित्रे घ्यायची आणि प्रत्येकातील विश्वासार्ह भाग जोडायचा. पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये या पद्धतीला भक्कम गणिती रूप दिले. मलिक हे आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी. परंतु या मार्गातही अडचण आहे. अंधारासाठी शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्यात हात हलला की चित्र पुसट होते.

नेमका हाच प्रश्न चेन्नईतील आयआयटी मद्रासचे ए. एन. राजगोपालन, त्यांचे सहकारी आणि अमेरिकेतील संशोधक रामा चेल्लप्पा यांनी २०१३ च्या शोधनिबंधात हाताळला. हात हलल्याने येणारी अस्पष्टता चित्रभर सारखी नसते, हे त्यांनी गृहीत धरले. शिवाय ती घडते प्रत्यक्ष प्रकाशात. कॅमेऱ्याने आपल्या वक्रानुसार बदललेल्या आकड्यांत नव्हे. म्हणून आकड्यांवरून आधी प्रकाशाकडे जायचे आणि तेथे कॅमेऱ्याच्या हालचालीचा हिशेब मांडायचा, अशी ही रीत आहे.

दुसरा मार्ग एकाच छायाचित्राचा. येथे प्रथम कॅमेऱ्याचा वक्र उलटवतात, नंतर उजळ भागांचा पल्ला ताणतात. लाल रंग २५५ वर अडकला तरी निळा वा हिरवा शाबूत असेल, तर त्यावरून काही अनुमान निघते. तिन्ही रंग अडकले की मात्र पुरावा संपतो. आजची न्यूरल नेटवर्क त्या रिकाम्या जागी हजारो चित्रांतून शिकलेला संभाव्य तपशील भरतात. ढग सुरेख दिसतो. पण त्या दिवशीच्या आकाशात तो तसाच होता, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

घरच्या टीव्हीवर जुना चित्रपट पाहताना या फरकाने फारसे बिघडत नाही. न्यायालयात पुरावा म्हणून आलेले चित्र, रुग्णाची प्रतिमा किंवा सूर्याचे निरीक्षण यांत मात्र हाच फरक निर्णायक ठरतो. तिथे डोळ्यांना पटणारे चित्र पुरेसे नसते.

म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्याने झळाळते चित्र पाहताच एक प्रश्न विचारावा: यातील कोणता प्रकाश मोजलेला आहे आणि कोणता कल्पिलेला? अनुमान हे विज्ञानाचे जुने, मानाचे साधन आहे. मात्र त्याने मोजमापाचा वेष घेऊ नये.