आईचा कान

काचीगुडा, हैदराबाद. रविवार.

आज आईने कानातल्या मशीनची बॅटरी स्वतःच बदलली. नारिंगी चिकटपट्टी सोलली, मिनिटभर हवा लागू दिली, मग झाकण लावलं. ही जस्ताची बॅटरी हवेवरच चालते.

तीन वर्षं ती नुसतं ‘हो हो’ म्हणत हसायची, पाहुणे असले की लवकर झोपायला जायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. खरं तर दिवसभर ओठ वाचून वाचून ती थकलेली असायची. मशीन आल्यावर पहिले पंधरा दिवस तर फार वाईट गेले. भांडी, पंखा, हॉर्न, सगळंच अंगावर यायचं. आवाज निवडायला मेंदूला पुन्हा शिकावं लागतं, हे आम्हाला आधी कुणी सांगायला हवं होतं. अशा पंधरवड्यातच किती मशीन कपाटात जाऊन पडत असतील!

हैदराबादचे अली यावर जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते. वांद्र्याला १९८३ साली सुरू झालेल्या श्रवण-वाचा संस्थेला त्यांचंच नाव आहे. तिचं एक केंद्र इथे सिकंदराबादलाही आहे; तिथे आम्ही आधीच विचारायला हवं होतं.

संध्याकाळी भाजीवालीने तेलुगूत भाव सांगितला. आईने तेलुगूतच घासाघीस केली, माझ्याकडे वळून न बघता.