पाळीची पाटी

माझी आय नगरपालिकेत झाडूवाली होती. पहाटे हजेरी, हातात खराटा, वर मुकादमाची शिवी. तीस वर्षं. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या जागी त्याचा वारस लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती रिटायर होताना साहेबानं फॉर्म पुढं सरकवला. वारसाचं नाव सांग म्हणाला. आयनं अंगठा दिला नाही. म्हणाली, "माजा खराटा माज्यासंगं जाईल. पोराच्या हातात द्यायचा न्हाई."

पोरगा शिकला. इंजिनियर झाला. आता जर्मनीत स्टुटगार्टला असतो. बायको आहे, पहिलीतली पोरगी आहे, तीन वर्षांचा बारका आहे. आणि दोस्तहो, ह्या हिवाळ्यात पहाटे साडेसहाला मी रस्त्यावर उभा होतो. हातात खराटा.

कसा आला, ते सांगतो.

इथला हिवाळा म्हणजे अंधार. डिसेंबरात सकाळी आठ वाजून गेले तरी उजाडत नाही, दुपारी साडेचारला दिवे लागतात. पोरगी अंधारात शाळेत जाते. पोरांना घराबाहेर काढायचं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. बनियन, त्यावर लोकरीचं, त्यावर जाड डगला, बूट, टोपी, हातमोजे. सगळं चढवून झालं की बारका म्हणणार, शू आली. पुन्हा सगळं उतरवा. एवढ्या थंडीतही बालवाडीच्या बाई पोरांना रोज अंगणात सोडतात. पहिल्या वर्षी आम्ही घाबरलो होतो. आता पोरंच आम्हाला ओढून बाहेर नेतात.

ह्या भागात एक रीत आहे. केरवोखे. जर्मनमध्ये 'केरेन' म्हणजे झाडणं, 'वोखे' म्हणजे आठवडा. नावातच केर, आपल्याला लक्षात ठेवायला सोपं. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाकडं आळीपाळीनं एकेक आठवडा येतो. दाराला एक पाटी अडकवतात. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं जिना पुसायचा, दारापुढचा फूटपाथ झाडायचा. बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत वाट मोकळी करायची. घसरून कुणी पडलं तर जबाबदारी अंगावर. रीत काही शतकांची. शहरानं १९८८ साली आपल्या नियमांतून ती काढली, पण भाड्याच्या करारांतून काही ती गेली नाही.

आमच्या इमारतीत सहा दारं. एका दारामागं डॉक्टरीण, एकामागं मास्तर, एकामागं म्हातारा पेन्शनर. पाटी सगळ्यांच्या दारावर येते.

आमच्या दारावर आली तेव्हा मी काय केलं? लपवत नाही. मी आत बसलो. बायकोला म्हणालो, हे मला जमायचं नाही, आयनं आयुष्यभर हेच केलं, मी खराट्याला हात लावणार नाही. दोन पाळ्या तिनं काढल्या. तिसऱ्या पाळीला बर्फ पडला. ती दारात येऊन म्हणाली, "तुमच्या आईनं खराटा तुमच्या हातात दिला नाही. मग माझ्या हातात कुणी दिला?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी बूट घातले.

नेमका तेव्हाच आयचा व्हिडिओ कॉल. तिच्याकडं सकाळचे अकरा. पोरीनं खिडकीतून फोन माझ्याकडं वळवला. आय बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तितंबी आपल्यालाच लावलं का रं?"

मी म्हणालो, "न्हाई आय. पाळी हाय. पुढल्या आटवड्यात समोरची डॉक्टरीन झाडनार."

तिचा विश्वास बसेना. पुढल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना विचारून पोरीनं फोन धरला. बाई हसल्या, हात हलवला, झाडत राहिल्या. आयनं डोळे बारीक करून बघितलं. म्हणाली, "तिला धड झाडता येत न्हाई."

दुसऱ्या मजल्यावर एक मराठी कुटुंब आहे. पहिल्या भेटीतच आडनाव विचारून झालं, मग गाव, मग "गावात नेमकं कुठं?" त्यांच्या दारावर पाटी आली तेव्हा ते गृहस्थ वर आले. गोड बोलून म्हणाले, "तुम्ही करताच आहात, आमचंही उरकून टाका ना. वीस युरो देतो." इमारतीत सहा दारं. त्यांनी ठोठावलं एकच. आमचं.

माझ्या अंगाची लाही झाली. पण बायको शांतपणे बोलली, "पाटी आमच्या दारावर आली की आम्ही झाडतो. तुमच्या दारावर आली की तुम्ही झाडा."

म्हणून हा देश म्हणजे स्वर्ग, असं समजू नका. माझ्या ऑफिसातला संडास पाळीनं साफ होत नाही. तिथं दूरदेशीच्या बाया येतात, आम्ही यायच्या आत निघून जातात. आणि पाळी न लावता झाडायला लावणं ह्या लोकांनाही माहीत होतं, ते व्हिएन्नात दिसलं.

फेब्रुवारीच्या सुट्टीत पोरांना घेऊन रेल्वेनं गेलो. म्युनिकला गाडी बदलली. बारका झोपेत, पोरगी खिडकीला नाक लावून. व्हिएन्नात ऑपेरामागच्या चौकात युद्ध आणि फॅसिझमविरुद्धचं स्मारक आहे, आल्फ्रेड हर्डलिका ह्या शिल्पकाराचं, १९८८ सालचं. त्यात दगडांच्या मधे जमिनीवर एक ब्राँझचा माणूस. गुडघ्यांवर वाकलेला, हातात ब्रश. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा इथं ज्यूंना घरांतून ओढून गुडघ्यांवर रस्ते घासायला लावलं. म्हातारे, बाया, शिकलेसवरलेले. गर्दी भोवती उभी राहून हसत होती. कारण एकच, जन्म. ह्या पुतळ्याच्या पाठीवर लोक बाक समजून बसायचे, म्हणून नंतर वरून काटेरी तार लावावी लागली.

पोरगी त्याच्यासमोर उकिडवी बसली. विचारलं, "बाबा, ह्याची पाळी आहे का?"

मी म्हणालो, "नाही गं. ह्याची पाळी नव्हती."

"मग कुणाची होती?"

बायकोनं तिच्या हातमोज्यावरचा बर्फ झटकला. मला उत्तर सुचलं नाही. आजीची गोष्ट तिला तिथंच सांगायला सुरुवात केली. थंडीत पोरं कुडकुडली, म्हणून उरलेली गाडीत सांगितली.

आता, चळवळीतल्या पोरांनो, तुम्हाला विचारतो. तुमची सभा संपल्यावर सतरंज्या कोण उचलतं? चहाचे कप कोण विसळतं? घरी न्हाणी कोण घासतं? नगरपालिकेच्या फॉर्मवर वारसाचं नाव नको म्हणून आपण लढतो, पण घरातला खराटा बाईच्या नावावर कुणी लिहिला? मी स्वतः दोन पाळ्या आत बसून काढल्या, म्हणून विचारतो.

परतलो तेव्हा आमच्या दारावर पुन्हा पाटी. सकाळी बर्फ होता. पोरगी छोटं फावडं घेऊन माझ्याबरोबर खाली आली. आय फोनवर बघत होती. म्हणाली, "शिकीव तिला. पन पाळी सरली की हातातनं काडून घे."

पाटी मी शेजारच्या दाराला अडकवली.