स्कूटरचा दम

मैत्रिणींनो, कुकरची रबरी रिंग सैल झाली की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. गॅस जळत राहतो, वाफ कडेने फुसफुसत निघून जाते आणि शिटी काही होत नाही. जुन्या स्कूटरचेही तसेच असते. पेट्रोल पिते, धूर सोडते. पण मागे कुणाला बसवून उड्डाणपूल चढायचा म्हटला की धापा टाकते. किक मारताना पायाला पूर्वीसारखा जोर लागत नाही. मग मेकॅनिक म्हणतो, "वहिनी, कॉम्प्रेशन गेलंय!" म्हणजे पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचे मिश्रण नीट दाबले जायला हवे, ते कडेने निसटते आहे.

आमच्याकडे मामंजींची चेतक आहे, १९८९ सालची, टू-स्ट्रोक. बजाजने १९७२ मध्ये काढलेली ही स्कूटर मिळावी म्हणून लोक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत. आता २०२० पासून त्याच नावाची विजेवर चालणारी मिळते. तेव्हा आमच्या ह्यांचे मत पडले, "जुनी भंगारात देऊन टाकू." मामंजी काही बोलले नाहीत, पण खिशातली किल्लीही काढून देईनात. मी म्हटलं, आधी मोजून तरी बघू.

मोजणे अगदी सोपे आहे. प्लग काढून त्या जागी दाबाचा गेज बसवायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत किका मारायच्या. आमचा काटा ७० पौंडांवर अडकला. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा बघायचे. आकडा वाढला तर गळती पिस्टनच्या रिंगांकडून आहे असे समजावे. नाही वाढला तर हेडकडे संशय घ्यावा. आमचा वाढला.

इथेच बहुतेकींचे पैसे वाया जातात. "नुसत्या रिंगा टाकू, स्वस्तात होईल," असे कुणी म्हणाले तर थांबा. वर्षानुवर्षे पिस्टन घासून सिलिंडरचे भोक गोल राहत नाही, किंचित लंबगोल होते. लंबगोल भोकात गोल रिंग टाकून काय उपयोग? ते भोक वर, मधे, खाली आणि आडवे-उभे असे मोजायला सांगा. मूळ माप ५७ मिलिमीटर. झीज जास्त असेल तर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो. आधी पिस्टन आणावा, मग त्याच्या मापाने बोअर करून घ्यावे; ब्लाउज अंगाच्या मापाने शिवतात तसे!

बसवण्याआधी प्रत्येक रिंग नुसतीच सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांतली फट मोजायला लावा. पिस्टनवरच्या बाणाचे टोक सायलेन्सरच्या वाटेकडे हवे. हेडवरचा आणि धुराच्या वाटेतला कार्बन खरवडून घ्या. आणि एक गोष्ट विसरू नका, क्रँकची ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी पिस्टनच्या खाली क्रँकच्या पेटीत येते आणि मग वर चढते. क्लचकडची सील गेली तर गिअरचे ऑइल आत ओढले जाऊन पांढरा धूर येतो. दुसऱ्या बाजूची गेली तर जादा हवा शिरून इंजिन तापते. इंजिन उघडलेच आहे तर दोन्ही बदलून घ्यावीत.

मेकॅनिकने आम्हाला आणखी एक सुचवले होते, "हेड थोडं घासून देतो, पिकअप वाढेल." मी नको म्हटलं. कंपनीने दिला होता तेवढाच दाब परत मिळावा, जास्तीचा हव्यास नको. जादा दाबाने इंजिन तापते, ठोके देते आणि नवा पिस्टन लवकर खराब होतो. ब्लॉकखालचे कागदी पॅकिंगसुद्धा मूळच्याच जाडीचे घ्यावे.

काम झाल्यावर काटा ११० पौंडांवर गेला. पण पथ्य पुढेच असते. पहिले काही शे किलोमीटर गाडी पिळायची नाही, डबलसीट चढ टाळायचा, थांबून थांबून गार होऊ द्यायची. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. औषधाच्या बाटलीवरचे मापाचे झाकण डिकीत ठेवा, म्हणजे अंदाजपंचे कारभार होत नाही.

खरे तेही सांगते. टू-स्ट्रोक कितीही नीट केली तरी थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर जाते. त्यामुळे ॲव्हरेज बेताचेच आणि हवाही खराब. रोज मुलांना शाळेत सोडायला आमच्याकडे दुसरी गाडी आहे. मामंजी मंडईत आणि वाचनालयात तेवढे चेतकवरून जातात. पीयूसी मात्र वेळच्या वेळी, आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरणही करावेच लागते.

तुमच्या घरातही अशी एखादी धापा टाकणारी गाडी असेल, तर विकण्या-ठेवण्याचा वाद घालण्याआधी एकदा गेज लावून घ्या. कामाआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहून ठेवा, जुना पिस्टन आणि रिंगा परत मागा. गॅरेजवाला "वहिनींना काय कळतंय" म्हणणार नाही. उलट दुसऱ्यांदा जपून काम करील.