नाव एक, काम दुसरेच

परदेशीपुऱ्यालगतच्या मालवा मिल चौराह्यावर आता गिरणीचा भोंगा ऐकू येत नाही. गिरणी बंद पडून वर्षे लोटली, नाव मात्र टिकले. शहराला अशी नावे शोभतात. परंतु येथील इलेक्ट्रॉनिक्स कॉम्प्लेक्समध्ये मी संगणकाचे प्रोग्राम लिहितो, तेथे ती घातक ठरतात. एकाच प्रोग्रामवर अनेकांचे हात फिरतात. ठरावीक काम करणारा त्यातील तुकडा, म्हणजे फंक्शन, एकजण लिहितो आणि दुसरा केवळ नावावर विश्वासून वापरतो. ‘शिल्लक पाहा’ या नावाचे फंक्शन गुपचूप शुल्कही वजा करू लागले, तर दोनदा पाहणाऱ्याचे पैसे दोनदा जावयाचे!

1969 साली आरंभ झालेल्या युनिक्स प्रणालीत ‘क्रिएट’ या नावातील शेवटचे ‘ई’ अक्षर गाळलेले आहे. पुन्हा संधी मिळाल्यास ते घालीन, असे तिचे एक जनक केन टॉम्प्सन पुढे म्हणाले होते. मला ती उणीव क्षम्य वाटते. अपुरे नाव पाहून वाचणारा निदान चौकशी करतो. खोट्या नावावर तो निर्धास्त विसंबतो. म्हणून फंक्शनचे काम बदलले की मी आधी नाव बदलतो, आणि जुने नाव जेथे जेथे आले असेल तेथे तेथे शोधीत बसतो. कधी कधी त्यात सारी दुपार सरते.