उघड आहे

परीक्षा नाही, डिग्री नाही, पगारवाढ तर नाहीच. तरी गेलं वर्षभर मी रात्री जेवणानंतर रिंग थिअरी शिकतोय. वय २८, नोकरी सॉफ्टवेअरची. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात हर्स्टाइनचं ‘टॉपिक्स इन अल्जेब्रा’ मिळालं आणि हे सुरू झालं.

रिंग म्हणजे ढोबळमानाने असं जग, जिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येतात आणि उत्तर त्या जगाबाहेर जात नाही. भागाकाराची मात्र हमी नाही. पूर्णांक ही एक रिंग. घड्याळाचे १२ आकडे ही दुसरी. तिथे ३ गुणिले ४ बरोबर शून्य. हे वाचून मी आधी दचकलो, मग हसलो. ३२ बिटांच्या अनसाइन्ड पूर्णांकात ६५,५३६ गुणिले ६५,५३६ केलं की शून्यच उरतं. म्हणजे इतकी वर्षं मी रोज एका रिंगमध्येच काम करत होतो आणि तिला ‘ओव्हरफ्लो’ म्हणून शिव्या घालत होतो.

इंजिनिअरिंगला गणितात मला उत्तम मार्क होते. मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवायचे, पायऱ्या पाठ करायच्या. ‘का?’ला मार्क नव्हते.

माझी आतेबहीण कॉलेजात गणित शिकवते. दर रविवारी मी तिला वहीचे फोटो पाठवतो. एकदा मी लिहिलं होतं: दोन संख्यांचा गुणाकार वर्ग आहे, त्यांच्यात सामाईक अवयव नाही, म्हणून प्रत्येक संख्या वर्ग आहे. पुढे ‘हे उघड आहे’.

तिचा फोन आला. “उघड आहे ना? मग लिही की. दोन ओळींत होईल.”

दोन ओळींत झालं नाही. चार रात्रींत झालं नाही. शेवटी तिनेच उदाहरण दिलं. पूर्णांकांत √−५ मिसळून बनलेल्या रिंगमध्ये ९ चे अवयव दोन तऱ्हांनी पडतात: ३ × ३, आणि (२ + √−५) × (२ − √−५). या रिंगमधल्या अ + ब√−५ या संख्येचं माप अ² + ५ब² धरलं, तर गुणाकाराबरोबर मापांचाही गुणाकार होतो. वरच्या तिन्ही संख्यांचं माप ९. त्या आणखी फुटायच्या तर माप ३ असलेली संख्या हवी, आणि अ² + ५ब² कधीच ३ होत नाही. म्हणजे गुणाकार वर्ग, सामाईक अवयव नाही, तरी दोन्ही कंसांतल्या संख्या वर्ग नाहीत. शाळेत शिकलेलं ‘मूळ अवयव एकाच तऱ्हेने पडतात’ इथे लागूच नव्हतं.

“वाईट वाटून घेऊ नकोस,” ताई म्हणाली. “लामेही इथेच घसरला.” १८४७ साली पॅरिसच्या अकादमीत गाब्रिएल लामेने फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता मिळाल्याचं जाहीर केलं. लिऊव्हिलने तिथेच शंका काढली: या नव्या संख्यांत अवयव एकमेव असतात, हे कशावरून? ते नसतात, हे कुमरने १८४४ मध्येच छापलं होतं.

मला मात्र ऑफिस आठवलं. टीममधल्या नव्या मुलीने रिव्ह्यूमध्ये विचारलं होतं, “ही व्हॅल्यू कधीच रिकामी येणार नाही, हे कशावरून?” मी म्हणालो होतो, “ऑब्व्हियस आहे, पुढे जा.” महिन्याभराने एका रात्री ती रिकामी आली. सकाळपर्यंत आम्ही जागे होतो. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘ही शक्यता लक्षात आली नव्हती.’ तिच्या लक्षात आली होती, हे लिहिलं नाही.

सोमवारी मी रिपोर्ट दुरुस्त केला आणि मीटिंगमध्ये तसं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, “मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.” ते वाक्य मला अजून टोचतं.

गणितात यावर इलाज निघाला. १८७१ मध्ये डेडेकिंडने एकेका संख्येऐवजी संख्यांचे विशिष्ट गट घेतले, त्यांना आयडियल म्हणतात. या रिंगमध्ये आयडियलांचे अवयव एकाच तऱ्हेने पडतात, आणि तिथे माझं विधान खरंही ठरतं. पण ते सिद्ध करायला पानंच्या पानं लागतात. मी सध्या तिसऱ्या पानावर अडकलोय. वहीत एक ‘उघड आहे’ खोडलंय आणि त्याखाली बरीच जागा सोडलीय.