नव्वदची कॅसेट

भालकीत आमच्या घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि रेडिओवर हैदराबादची उर्दू नि तेलुगू. त्यामुळे शब्द न कळता गाणं ऐकणं याचं आम्हा सीमाभागातल्या पोरांना कधी नवल वाटलं नाही. गुलबर्ग्याला बंदेनवाजांच्या उरुसात कव्वाल फारसी आळवायचे आणि फारसीचं अक्षर न कळणारे माना डोलवायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथल्याच हॉस्टेलवर रॉक कानावर पडलं, तेही असंच. इंग्रजीचा पेपर आम्ही सोडवत होतो, पण ऑझी ऑस्बॉर्न काय ओरडतोय हे इंग्रजीच्या सरांनाही कळलं नसतं.

कॅसेटी हैदराबादची पोरं आणत, आबिड्सच्या दुकानातून भरून. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर या बाजूला एक अल्बम, त्या बाजूला दुसरा. डीप पर्पलचा १९७२ सालचा ‘मशीन हेड’ जेमतेम सदतीस मिनिटांचा. उरलेल्या जागेत दुकानदार आपल्या मर्जीनं बोनी एम ठोकून द्यायचा. अजूनही ‘स्पेस ट्रकिन’ संपलं की माझे कान बोनी एमची वाट बघतात. गिटार हातात आली की जो तो ‘स्मोक ऑन द वॉटर’ छेडतो, पण त्या अल्बमचा खरा कणा जॉन लॉर्डचा ऑर्गन. तो हॅमंड ऑर्गन गिटारच्या अॅम्प्लिफायरमधून काढायचा, म्हणून त्याचा आवाज असा खरखरीत आणि अंगावर येणारा. पेटीवरची भजनं ऐकत वाढलेल्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

ब्लॅक सॅबथवर मात्र माझी भक्तीच आहे. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं तीच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. पुढं दाबायला सोपं जावं म्हणून तारा सैल केल्या. ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’वर (१९७१) गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवलेली आहे. हेवी मेटलचा तो जड, खोल आवाज तिथून आला. बीदरला बिदरी कारागिरांना जस्ताच्या भांड्यावर छिन्नी चालवताना मी लहानपणापासून पाहत आलोय. आयोमी मला त्यांच्या पंगतीतला वाटतो, कॉलेजात शिकून रॉकस्टार झालेल्यांच्या नव्हे.

आमचे एक काका तबला वाजवायचे. ‘हा काय धिंगाणा’ म्हणत आले नि लेड झेपलिनच्या ‘काश्मीर’पाशी थबकले. मांडीवर बोटं मोजू लागले. ड्रम चारांत चाललाय, गिटारची सुरावट तीनांत. बारा मात्रा सरल्या की दोघं समेवर. ‘पोरगा तयारीचा आहे,’ काका ड्रमर जॉन बॉनमबद्दल म्हणाले. तो १९८० सालीच वारला हे मी त्यांना सांगितलं नाही. त्याच बँडचे पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर दोन गाणी ध्वनिमुद्रित करून गेले होते. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं.

इंटरनेट आलं आणि सगळ्या गाण्यांचे शब्द हाताशी आले. त्यात काहींचा भाव घसरला. डोअर्स माझ्या मते वाचू नयेत, ऐकावेत. उलट पिंक फ्लॉइडचा ‘अॅनिमल्स’ (१९७७) आमच्यात मागं पडलेला, सगळे ‘द वॉल’वर फिदा, शब्द वाचल्यावर तो वर चढला. कुत्री, डुकरं आणि मेंढरं, तिन्ही आमच्या तालुक्याच्या राजकारणात ओळखीची. मेटॅलिकाच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बास जवळजवळ ऐकूच येत नाही अशी जगभर ओरड आहे. आमच्या हॉस्टेलच्या डेकवर बास कुणाचाच ऐकू यायचा नाही, त्यामुळे ते भांडण आमच्यापर्यंत पोचलंच नाही.

मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर आले. गुलबर्ग्याहून उद्यान एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून गेलो. काळे टीशर्ट घातलेली हजारो पोरं एकेका गाण्याचा एकेक शब्द म्हणत होती. मला सुरावटी पाठ, शब्द अर्धेच. मी सुरावटीच ओरडून म्हटल्या. मेडनच्या मैफलीत तेही चालतं.

आपल्याकडच्यात मी ‘इंडियन ओशन’चा ‘कांडिसा’ (२००० साल) सगळ्यांच्या वर ठेवतो. शीर्षकगीत म्हणजे जुनी सिरियाक प्रार्थना. तिचा अर्थ मी अजून शोधलेला नाही, शोधणारही नाही.

परवा भाच्यानं पाच अल्बम लिहून मागितले. कागद वाचून म्हणाला, “मामा, यात बीटल्स कुठंयत?” म्हटलं, ते सहावे. भांडण अजून चालू आहे.